पॅरिसचा संप आणि सीरियसची तार

कुवेतमध्ये नोकरीला असलेल्या आमच्या कोकणी मुसलमानांच्या आया मोठ्या चिवट. वर्षातून एकदा तरी त्या मरणाच्या दारात जायच्या, आणि मुलगा रजा घेऊन घरी पोचला की उठून त्याला तांदळाच्या गरम भाकऱ्या थापून घालायच्या. ह्यात चमत्कार काही नव्हता. साधी रजा मागितली तर साहेब देत नसे, म्हणून गावाकडून तार मागवायची. मजकूर ठरलेला. ‘मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.’ गावच्या पोस्टमास्तरला तो इतका पाठ झाला होता की नुसतं ‘कुवेत’ म्हटलं की तो फॉर्म भरायला घ्यायचा. ही मंडळी मिळून राहायची त्या खोलीवर ह्या प्रकाराला नाव होतं, सीरियसची तार. खोलीतल्या कमालची आई चार वर्षांत चार वेळा सीरियस झाली, तेव्हा त्याचा गोरा फोरमन म्हणाला होता, ‘कमाल, तुझ्या आईलाच इकडे भरती कर. अशा तब्येतीची माणसं आम्हाला हवीत.’

सगळे हसायचे. एवढी हुशार मंडळी, पण खऱ्या तारेसाठी एखादा वेगळा शब्द ठेवावा हे कोणाला सुचलं नाही. खऱ्या तारेचा विचार कोण कशाला करील?

अशरफने केला नाही. म्हणून १९६८ सालच्या जूनमधल्या त्या शुक्रवारी तो कुवेत शहराच्या मुरगाब भागातल्या त्या खोलीत दाराशी बसून होता आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात दोन तारा आणि एक बंद पत्र होतं. तिन्ही मजीदच्या नावाची. मजीद त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, एका मोहल्ल्यातला, एका मदरशातला, कुवेतला आला तोही एकाच बोटीने. अशरफ शहरातल्या एका व्यापारी कंपनीत गोदामाचा क्लार्क झाला आणि मजीद एका म्हाताऱ्या कुवेती शेटच्या घरी आचारी. त्या शेटला तो अरबाब म्हणायचा. अरबाबच्या घराला ना नंबर होता ना पाटी, त्यामुळे मजीदची सगळी टपाल अशरफच्या कंपनीच्या पत्त्यावर यायची. बारा वर्षं यायची, आणि बारा वर्षं अशरफ ती इमानाने पोचवायचा.

दुसरी तार एकवीस मेला आली. ‘मदर एक्स्पायर्ड.’ मजीदची आई सुगराबाय वीस तारखेला गेली. ही तार खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होती. पहिली आठ मेला आली होती. मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली. ही फक्त अशरफला ठाऊक होती.

आठ मेला बुधवार होता आणि मजीदचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. अरबाबच्या डोळ्याचं ऑपरेशन पॅरिसला व्हायचं होतं आणि म्हाताऱ्याला मजीदच्या हातच्याशिवाय घास जात नव्हता, म्हणून त्यालाही बरोबर नेणार होते. मजीदचे पाय जमिनीला लागत नव्हते. जन्मात पहिला कोट त्याने शिवून घेतला होता. तार हातात पडली तेव्हा अशरफला आठवलं की मजीदनेच थंडीत बहिणीला, नूरजहाँला, लिहून ठेवलं होतं, मे महिन्यात सीरियसची तार कर, पावसाआधी घर शाकारायला यायचंय. बिचारीने सांगितल्याप्रमाणे केलं, असं अशरफ मनात म्हणाला. आता ही तार अरबाबच्या हाती लागली असती तर त्याने मजीदला गावी धाडलं असतं आणि दुसरा आचारी नेला असता. पोराचं पॅरिस बुडालं असतं. अशरफने तार घडी करून खिशात टाकली. विमानतळावर गंमत म्हणून सांगायचं त्याच्या मनात होतं, पण तिथे अरबाबचा सगळा कुटुंबकबिला जमलेला. राहिलं. आल्यावर सांगू, असं म्हणून त्याने हात हलवला.

आणि हसलासुद्धा. ते हसणं त्याला आता रोज आठवत होतं.

एकवीस तारखेला तो तारघरात धावत गेला. खिडकीतला बाबू म्हणाला, ‘फरन्सा मुसक्कर.’ फ्रान्स बंद. दुकान बंद असतं तसा एक देशच्या देश बंद. तार जात नाही, फोन लागत नाही, विमान उतरत नाही, तिकडे सगळे संपावर आहेत. दुसऱ्या दिवशी गेला, चौथ्या दिवशी गेला, तेच. मग महिनाअखेरीला नूरजहाँचं पत्र आलं, मजीदच्या नावाने. ते अशरफने उघडलं नाही. आत काय असेल ते न उघडताच त्याला कळत होतं. तार मिळूनही तू का नाही आलास? दुसरं काय लिहिणार ती?

पत्र हरवू शकलं असतं. परदेशात पत्रं हरवतात. पहिली तार फाडून टाकली असती तरी कोण विचारणार होतं? गेले पंधरा दिवस अशरफ हाच हिशेब करत होता आणि त्याची त्याला शरम वाटत होती. पण पत्र हरवलं तर गावात मजीद कायमचा तो मुलगा होणार होता जो आई बोलवत असताना फ्रान्सची हवा खायला गेला. मोहल्ला असली गोष्ट विसरत नाही. आणि पत्र दिलं तर मजीद हातचा जायचा. असा दोस्त अशरफला दुसरा नव्हता, आणि त्या वयात नवा मिळतही नाही.

‘आधी जेवू दे त्याला,’ जाफरचाचांनी सकाळीच बजावलं होतं. जाफरचाचा खोलीतले वडीलधारे, कुवेतमध्ये तेल लागायच्या आधीपासून तिथल्या बंदरावर असलेले. ‘उपाशी पोटी असली खबर द्यायची नाय. जेवण झालं की अशरफ, तू सांग. तुजा जवळचा हाय.’

जुम्याची नमाज झाल्यावर मजीद आला. तोच कोट अंगात, जूनच्या उन्हात घामाने निथळतोय, पण काढायला तयार नाही. पॅरिसहून बेरूत, बेरूतहून कुवेत, काल संध्याकाळीच उतरला होता. त्याने एकेकाला मिठी मारली. अशरफला सगळ्यात शेवटी मारली आणि सगळ्यात जास्त वेळ सोडली नाही.

‘पत्र आलं काय रे माजं?’ पहिला प्रश्न हाच.

‘आलंय,’ अशरफ म्हणाला. ‘जेव आधी.’

‘मा बरी हाय ना?’

कमाल मधे पडला. ‘अरे तू फ्रान्सचं सांग! आमी रेडिओवर आयकलं, तिकडे क्रांती झाली म्हणून. तू केलीस की काय?’

बस्स. मजीद गोष्ट सांगायला बसला की त्याला आईबापाचं भान राहत नसे, हे कमालला पक्कं माहीत होतं. परातीत भात आला, वर मच्छीचं सालन, सगळे गोल बसले. मजीद एका हाताने जेवत होता आणि दुसऱ्या हाताने पॅरिस दाखवत होता.

‘आपल्याकडे संप म्हणजे काय? घरी बसायचं. तिकडे उलटं. संप झाला की कामगार कारखान्यात राहायला जातात! आतून कड्या लावून घेतात. मालक भायेर आणि कामगार आत. बायका दुपारी डबे घेऊन येतात आणि फाटकावरून वर देतात. मी बगितलं ना डोळ्यांनी. आमच्या दवाखान्याच्या मागं मोटारीचे पार्ट करायचा कारखाना होता. संध्याकाळ झाली की एक म्हातारा गळ्यात पेटी अडकवून वाजवायचा, ती दोन हातांनी ताणायची पेटी, आणि हे बाप्ये एकमेकांच्या कमरेत हात घालून नाचायचे. मिशावाले, तेलानं माखलेले. मला वाटलं लगीन हाय कोणाचं.’

खोलीत हशा पिकला. अशरफनेही ओठ हलवले.

‘आणि रस्ते! तिकडचे रस्ते दगडाचे. चौकोनी दगड, विटेएवढे. कॉलेजातली पोरं रांग लावून ते उपटून हातोहात पुढं द्यायची, आपण घर शाकारताना कौलाचे नळे देतो ना तशी. शिकलेली पोरं, चष्मेवाली, पोरीसुद्धा. त्याचा बांध घातला पोलिसांना अडवायला. सकाळी मी पाव आणायला गेलो तर रस्ताच नाय! नुसती वाळू. मी मनात म्हटलं, ही वाळू बगायची तर कुवेत काय वाईट होतं?’

‘पोलिसांनी मारलं नाय?’ जाफरचाचांनी विचारलं.

‘मारलं ना. डोळ्यात झोंबणारा धूर सोडला. आमच्या अरबाबच्या डोळ्याला पट्टी, तो एकटाच वाचला. बाकी सगळं हॉस्पिटल रडत होतं.’

‘इकडे आपण असं केलं,’ जाफरचाचा म्हणाले, ‘तर रडायला वेळ देणार नाय. संध्याकाळच्या बोटीत बसवतील.’

‘पण चाचा, तिकडे रागावलेत की खुशीत हायत ते कळतच नाय. भिंतीवर लिहितात, गाणी म्हणतात, टाळ्या पण ठेक्यात. अनोळखी माणूस रस्त्यात थांबवून तासभर बोलणार. माझ्याशी एक बाई बोलली अर्धा तास. मला एक अक्षर कळलं नाय, मी नुसतं वी वी, म्हणजे हो हो, करत होतो. जाताना तिने माजा हात हातात घेतला आणि तिच्या डोळ्यात पाणी. काय कबूल करून बसलो अल्ला जाणे.’

परात रिकामी होत आली. जाफरचाचांनी अशरफकडे पाहिलं. अशरफने हात धुतले, खिसा चाचपला आणि म्हणाला, ‘मजीद...’

‘थांब रे, अस्सल गोष्ट तर पुढंच हाय. माजी फजिती आयका.’ मजीदने मांडी बदलली. ‘एक दिवस मी मटण आणायला गेलो. हलाल मटण एका अल्जीरियावाल्याकडे, पार लांब, आणि बस बंद, रेल्वे बंद. चालत. येताना बगतो तर मोठी मिरवणूक. हजारो माणसं. मी कडेला उभा रवलो. आणि बगतो तर काय, माणसांच्या डोक्यावरून जनाजा येतोय.’

कमालचा हात पाण्याच्या तांब्यावर तसाच राहिला.

‘काळी पेटी. पुढं पाद्री, झगा घातलेला. मागं काळ्या ओढण्या घेतलेल्या चार बायका छाती पिटून रडतायत. मी म्हटलं, पोलिसांनी कोणाला तरी मारलं. चाचा, तुमीच सांगितलं होतंत ना, जनाजा दिसला की उभं रवायचं, मग तो यहुद्याचा का असेना. ती पण एक जानच ना? मी मटणाची पिशवी भिंतीला टेकवली आणि शिरलो गर्दीत. एका माणसाला हातानं बाजूला केला आणि दिला खांदा.’

‘बरं केलंस,’ जाफरचाचा पुटपुटले.

‘पेटी हलकी लागली हो. अगदी हलकी. मला वाटलं, लहान पोर असणार आत. मी चालता चालता दुवा म्हणत होतो. मनात म्हटलं, या अल्ला, बाबा गेला तेव्हा मी इकडे होतो, त्याला खांदा द्यायला मिळाला नाय. आता हे परक्याचं पोर घे आणि माजी हजेरी लाव. खरं सांगतो, रडलो मी. चाळीस पावलं खांदा द्यावा म्हणतात, मी चारशे चाललो. बाजूचे लोक माज्याकडे बगत होते. मला वाटलं, कौतुक करतायत, परका माणूस कसा आमच्यासाठी रडतो.’

त्याने पाण्याचा घोट घेतला. आता हसायची जागा येणार होती आणि तो तिची तयारी करत होता.

‘चौकात आलो. पेटी खाली ठेवली. पाद्री पुढं झाला आणि पवित्र पाणी शिंपडायला त्याने बालदीतून काय काढलं? संडास घासायचा ब्रश! मी म्हटलं, या लोकांची रीत असेल. मग पेटी उघडली. आत रद्दी! कारखान्याच्या नियमांची पुस्तकं, हजेरीचे कागद, आणि वर मालकाची फाटकी टोपी. त्या चार रडणाऱ्या बायका ओढण्या फेकून नाचायला लागल्या, आणि बायका कसल्या, दोघांना तर दाढी! एका मोरोक्कोवाल्याने मला अरबीत समजावलं, भाई, कोणी मेलं नाय, आमी मालकाच्या हुकमाची मय्यत काढलीय, इकडे ही जुनी रीत हाय. मी तिथं उभा, डोळे पुसतोय, आणि सगळे मला मिठ्या मारतायत, की वा, सगळ्यात चांगलं नाटक ह्यानं केलं!’

मजीद स्वतःच मोठ्याने हसला. पोट धरून हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं की तो एकटाच हसतोय.

कमाल जमिनीकडे पाहत होता. जाफरचाचांनी डोळे मिटून घेतले होते. मजीदने एकेकाचं तोंड पाहिलं. असल्या गोष्टीला ही खोली हसत नाही, हे शक्यच नव्हतं.

‘काय झालं?’ तो म्हणाला. मग अशरफकडे वळला. ‘मा?’

अशरफने मान हलवली. ‘वीस तारखेला,’ तो म्हणाला. इतके दिवस जुळवून ठेवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली, आणि हे दोनच शब्द उरले.

जाफरचाचांनी मरणाच्या खबरेवर म्हणायचं ते इन्नालिल्लाहि म्हटलं आणि सगळ्यांनी म्हटलं. मजीदने म्हटलं नाही. त्याचा चेहरा अजून अर्धा हसरा होता आणि त्याचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं. मग त्याने कोट काढला. बाही उलटी झाली ती सरळ केली, कोट घडी करून बाजूला ठेवला, आणि दोन्ही हातांत तोंड घालून तो लहान मुलासारखा मोठ्याने रडला. कमाल त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

बऱ्याच वेळाने आवाज थांबला. चाचा समजावू लागले. ‘तुला कळणार तरी कसं, बेटा? तार बंद, विमान बंद. अशरफ रोज तारघरात जात होता बिचारा. अल्लाची मर्जी. तुज्या हातात काय नव्हतं.’

‘हां,’ मजीद म्हणाला. नाक पुसलं. ‘एकदम गेली असेल. दुखणं नाय काय नाय. आजारी असती तर नूरजहाँने कळवलं असतं. मी गेलो असतो, चाचा. पॅरिस गेलं खड्ड्यात, मी गेलो असतो.’

‘गेला असतास ना,’ चाचा म्हणाले.

सगळं निभावलं होतं. मजीदला सबुरी सापडली होती, तिला धक्का लावायची काही गरज नव्हती, असं कोणीही म्हणालं असतं. उद्या सांगू, असं अशरफच्या मनात आलं, आणि विमानतळावरही आपण हेच म्हणालो होतो हे त्याच क्षणी आठवलं. त्याने खिशातून तिन्ही कागद काढले आणि मजीदसमोर सतरंजीवर ठेवले.

‘ही पहिली तार आठ तारखेची,’ तो म्हणाला. ‘तू निघायच्या आदल्या दिवशीची. मला दुपारी मिळाली. मी तुला दिली नाय.’

कोणाला काही कळलं नाही. मजीदने तार उघडून वाचली. ओठ हलवत, इंग्रजी एकेक अक्षर जुळवत. मदर सीरियस.

‘मला वाटलं ती आपली नेहमीची,’ अशरफ म्हणाला. ‘तूच मागवली होतीस ना, घर शाकारायला? मला वाटलं अरबाबला कळलं तर तुजं पॅरिस जाईल. मी खिशात टाकली. मी हसलो, मजीद. हसलो मी.’

‘आमाला कोणाला पण तसंच वाटलं असतं,’ कमाल घाईने म्हणाला. ‘तुला पण! हातात दिली असती तरी तू फाडून विमानात बसला असतास. खोटं सांगू काय?’

मजीदने तारेवरची तारीख पाहिली. ‘आठ ते वीस,’ तो म्हणाला. ‘बारा दिवस.’ मग त्याने मान हलवली, कमालकडे न पाहता. ‘नाय रे. मी बसलो नसतो. पॅरिसचं ठरलं त्याच दिवशी मी नूरजहाँला पत्र टाकलेलं. आता तार नको करू, मी पावसानंतर येतो. एप्रिलातच टाकलेलं. तिचं उत्तर पण आलेलं.’ त्याने तारेची घडी घातली. ‘अशरफ, तुला सांगायचं रवलं माजं.’

अशरफला वाटलं होतं, तो शिव्या देईल. कानाखाली मारेल, आणि ते बरं होईल. पण ‘सांगायचं रवलं’ ह्याच्यापुढे काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. कोटाचं माप द्यायला दोघं मिळून गेले होते, आगबोटीपासूनचं सगळं एकमेकांना सांगत आले होते, आणि एवढी एक गोष्ट राहिली. तारेत खोटं काही नव्हतं. नूरजहाँने खरंच घाबरून केली होती, आणि ती खरी आहे हे जगात फक्त एकाच माणसाला कळलं असतं. त्यालाच ती मिळाली नाही.

मजीदने पत्र फोडलं. उर्दूतलं होतं, मदरशातल्या मौलवींनी लिहून दिलेलं. त्याने ते मनातच वाचलं. मधे एके ठिकाणी तो अडला आणि तेवढंच मोठ्याने वाचून गेला, बहुतेक त्याच्या नकळत. ‘मा रोज दुपारी एसटीचा आवाज झाला की मला घरापुढच्या खळ्यात बघायला पाठवत होती. मी तिला म्हटलं, तार केलीय, येईल.’

पुढचं त्याने वाचलं नाही. किंवा वाचलं, पण ऐकवलं नाही.

आमचे लोक शाफई पंथाचे. मय्यत समुद्रापलीकडे असली तरी इकडे उभं राहून जनाज्याची नमाज पढता येते. जाफरचाचा उठले, बाकीचेही हळूहळू उठले. सतरंजी झटकून किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, तोंड करून घातली. नमाज पढवायचा पहिला हक्क मुलाचा. मजीदने मान हलवून चाचांनाच पुढे केलं. नळावर हातपाय धुऊन, वजू करून सगळे सफेत, म्हणजे एका रांगेत, उभे राहिले. अशरफनेही वजू केली, पण तो नळाशीच थांबला. पाय ओले, बाह्या वर, आणि पुढे जायचा आपल्याला हक्क आहे की नाही हे त्याला कळत नव्हतं. चाचांनी पहिल्या तकबीरसाठी, अल्लाहु अकबर म्हणायला, हात उचलले होते.

‘चाचा, थांबा,’ मजीद म्हणाला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. ‘सफेत जागा हाय अजून. अशरफ, ये.’

अशरफ जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. दंडाला दंड लागला. चार तकबीर झाल्या, आणि अशरफ दुवेचे शब्द विसरला, चौथीतल्या पोराने पाढा विसरावा तसा विसरला. नुसता उभा राहिला.

सलाम फिरवून नमाज संपल्यावर लोकांनी मजीदला पुन्हा मिठ्या मारल्या. कमालने चहा टाकला. अशरफ भिंतीशी उभा होता. मजीद त्याच्याकडे आला, आणि तार वाचल्यापासून पहिल्यांदा त्याने त्याच्याकडे सरळ पाहिलं. डोळे सुजले होते, राग त्यांत नव्हता. दुसरंही काही नव्हतं.

‘नूरजहाँला तू लिही,’ तो म्हणाला. ‘माज्यानं व्हायचं नाय. सगळं लिही, कसं झालं ते. मोहल्ल्यात वाचून दाखवतील, चार लोकांसमोर. तरी लिही.’

‘लिहितो,’ अशरफ म्हणाला.

‘आजच.’

कमालने आपल्या पेटीतून वही आणि पेन काढून दिलं. अशरफ खिडकीपाशी बसला. बाहेर मुरगाबच्या गल्लीत ऊन रटरटत होतं, आत कपबश्या वाजत होत्या. गोदामाची पत्रं लिहून लिहून त्याचा हात बसलेला, रोज वीस-पंचवीस पत्रं तो न थांबता लिहायचा. बहीण नूरजहाँ हिला अशरफचा सलाम, इथपर्यंत लिहून झालं. मग तो थांबला. मजीद समोर भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन त्याच्या हाताकडे पाहत होता.

अशरफने पुढची ओळ लिहिली. ‘तू केलेली तार वेळेवर आली होती. ती तुझ्या भावाला मिळाली नाही. मला मिळाली.’